दोनशे एकोणपन्नासाव्या स्थानाची साक्ष

इ. स. १९६० च्या उन्हाळ्यात, नाताळच्या मेजवान्यांसाठी टर्की पाळणाऱ्या इंग्लंडमधील शेतकऱ्यांवर एक विलक्षण संकट कोसळले. कालपर्यंत दाण्यावर तुटून पडणारी पिल्ले आज चोच फिरवीत, पंख ढिले सोडून कोपऱ्यात बसून राहत, आणि आठवडाभराच्या आत मान पाठीकडे ताणून व पाय मागे ताठ करून प्राण सोडीत. बघता बघता मेलेल्या पक्ष्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पशुवैद्यांनी शवे फाडून पाहिली तेव्हा यकृतात रक्तस्राव झालेला आणि तेथील पेशींचा नाश झालेला त्यांना आढळला. परंतु जिवाणू म्हणावा तर सापडेना, साथ म्हणावी तर एका खुराड्यातील रोग शेजारच्या खुराड्यात जाईना, आणि ओळखीचे कोणतेही विष परीक्षेस उतरेना. निदान होत नाही तोवर रोगाला निदान नाव तरी असावे, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. बीजगणितातील अज्ञात राशीचे हे अक्षर एखाद्या रोगाला लाभावे, यात वैद्यकाची जी प्रांजळ कबुली आहे ती मला नेहमीच आवडत आली आहे.

मग सुरू झाला तो तपास फौजदारी स्वरूपाचाच होता. जेथे जेथे पक्षी मेले त्या ठिकाणांची यादी झाली, खाद्याच्या पावत्या जमवण्यात आल्या, आणि धागा शेवटी लंडनमधील एका गिरणीच्या दारापाशी जाऊन थांबला. त्या गिरणीतून निघालेल्या खाद्यात ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाची पेंड मिसळलेली होती. तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा गुराढोरांपुढे टाकण्याची चाल आपल्याकडे घाण्याइतकीच जुनी. युरोपात मात्र युद्धोत्तर काळात पशुपालनाचा मोठा व्याप उभा राहिल्यावर स्वस्त प्रथिनांचा साठा म्हणून ही पेंड जहाजे भरभरून येऊ लागली होती. १९६१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपराधी जाहीर केला: ॲस्परजिलस फ्लेवस नावाची पिवळसर हिरवी बुरशी. दाणा दमट राहिला की त्याच्यावर वाढणारी ही बुरशी जे विष स्रवते त्याला तिच्याच नावाची आद्याक्षरे जोडून अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. पेंडीचा अर्क कागदावर पसरून त्यावर अतिनील किरण सोडले असता त्याचे ठिपके निळे आणि हिरवे चमकत. निळे ते बी आणि हिरवे ते जी, असे त्यांचे सरळसोट वर्गीकरण झाले. त्यांतील बी-वन सर्वांत जहाल ठरले. १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ब्युखी आणि वोगन यांच्या चमूने त्याची रासायनिक रचनाही उलगडली.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर ते पशुवैद्यकाच्या दप्तरात बांधून ठेवले गेले असते. पण त्याच १९६१ साली ती पेंड उंदरांना खाऊ घालणाऱ्या इंग्रज संशोधकांना असे दिसले, की विषाने तात्काळ न मेलेल्या उंदरांच्या यकृतात काही महिन्यांनी कर्कार्बुदे उगवतात. जे अन्न एका दमात मारते तेच अन्न थोड्या मात्रेने, धीम्या गतीने, निराळ्या वाटेने मारते, हे या प्रयोगाने प्रथमच स्पष्ट झाले. आणि मग साहजिकच ज्याला त्याला प्रश्न पडला, की जगाच्या ज्या पट्ट्यांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या दमट हवेत साठवलेला मका आणि भुईमूग खातात, त्याच पट्ट्यांत, म्हणजे मोझांबिक, केनया, दक्षिण चीन अशा ठिकाणी, यकृताचा कर्करोग इतका मातला आहे, हा योगायोग म्हणावा की काय? आफ्रिकेत धान्याच्या पोत्यांतील विषाची मात्रा आणि रुग्णांची संख्या यांचे आकडे एकमेकांसमोर मांडले गेले व ते बऱ्याच अंशी जुळलेही. परंतु दोन आकडे एका दिशेने चालतात म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही, हा आक्षेप कायम उभाच होता.

याच सुमारास आपल्या पश्चिम भारतात जे घडले त्याची आठवण आज फारच थोड्यांना आहे. १९७४ च्या पावसाळ्याअखेरीस राजस्थानातील बांसवाडा व डुंगरपूर आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत मक्याची कणसे शेतातच उभी असताना अवेळी पाऊस झाला. तेथील भिल्ल कुटुंबांचा, खानदेशातील आपल्या भिल्लांच्याच या भाऊबंदांचा, मका हाच आधार. भिजलेली कणसे तशीच कणगीत गेली, कारण वाळवायला ऊन नव्हते आणि फेकून द्यायला दुसरे धान्य नव्हते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावोगाव एकाच प्रकारची कावीळ सुरू झाली: डोळे पिवळे, पोटात पाणी भरून ते मृदंगासारखे ताठ, आणि पुष्कळांच्या बाबतीत लवकरच मृत्यू. सामान्य कावीळ असती तर ती पाण्यावाटे बाजारगावांतही गेली असती. ही गेली नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की घरच्या भाकरीचे तुकडे खाणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. त्यांनी ३९७ रुग्ण आणि १०६ मृत्यू नोंदवले, घराघरांतून मक्याचे नमुने उचलले व ते तपासले. किलोमागे सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन त्यांत निघाले. म्हणजे आपल्याकडे पुढे कायद्याने घालून दिलेल्या किलोमागे तीस मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या दोनशे ते पाचशेपट. हा वृत्तांत १९७५ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि माणसाला हे विष बाधते की नाही या वादाचा निकाल त्याने कायमचा लावला. बाधते, एवढेच सिद्ध झाले. कर्करोगाच्या प्रश्नाचा निकाल मात्र अजून लागावयाचाच होता, आणि तो लागण्यासाठी या हकिकतीला धान्याची कोठारे सोडून अगदी दुसऱ्याच दालनात शिरणे भाग होते.

१९६१ हे साल या दुसऱ्या दालनाच्या दृष्टीनेही मोठे आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब आणि झाक मोनो यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले, की पेशीतील जनुके ही आपण होऊन काम करीत नाहीत. त्यांच्यावर अंमल चालवणारी निराळी द्रव्ये असतात, जी जनुकाच्या आरंभाला जाऊन चिकटतात आणि त्याला बोलू देतात किंवा गप्प बसवतात. आतड्यातील एका य:कश्चित जिवाणूला दुधातील साखर मिळाली म्हणजे ती पचवणारी विकरे तो तयार करतो आणि न मिळाली तर करीत नाही, या साध्या निरीक्षणातून त्यांनी हा सिद्धांत बांधला होता. सिद्धांत मान्य झाला तरी ते द्रव्य प्रत्यक्ष कोणी पाहिले नव्हते. पाहणार तरी कसे? एका जिवाणूत त्याचे रेणू जेमतेम दहा-वीस! हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी १९६६ साली ते वेगळे काढले, आणि ते प्रथिन निघाले. दुसऱ्याच वर्षी मार्क टाश्ने यांनी एका विषाणूचे तसेच प्रथिन पकडून ते डीएनएच्या ठराविक तुकड्यालाच चिकटते असे दाखवून दिले.

या शोधाचे मर्म यकृताच्या उदाहरणाने जितके चटकन कळते तितके दुसऱ्या कशाने कळत नाही. आपल्या कातडीच्या आणि यकृताच्या पेशींत जनुकांची पोथी एकच आहे. पण यकृत रक्तातील अल्ब्युमिन बनवते, पित्त बनवते, विषे पचवते, आणि कातडी यातले काहीच करीत नाही. कोणती पाने वाचायची व कोणती मिटून ठेवायची हे ठरवणारी प्रथिने दोन ठिकाणी निरनिराळी आहेत, एवढाच तो भेद. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेम्स डार्नेल यांच्या प्रयोगशाळेने १९८० नंतर यकृतपेशींच्या केंद्रकातील अशी प्रथिने एकामागून एक हुडकून काढली. ती नसतील तर यकृताची पेशी यकृताची राहत नाही. आणि कर्करोगात नेमके हेच घडते, की पेशी आपला मूळ व्यवसाय विसरून केवळ वाढण्याच्या मागे लागते.

परंतु या हकिकतीचा जो नायक, किंवा म्हणा की जो मुख्य साक्षीदार, तो यकृताच्या खास नोकरीतला नव्हे. तो शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, आणि त्याची ओळख पटायला तब्बल दहा वर्षे गेली. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये अर्नोल्ड लेव्हिन व डॅनियल लिन्झर, आणि त्याखेरीज आणखी एक-दोन ठिकाणी, माकडांतील एका अर्बुदजनक विषाणूचा अभ्यास चालू होता. विषाणूचे प्रथिन प्रतिपिंडाच्या साहाय्याने बाहेर ओढले, की त्याला घट्ट बिलगलेले दुसरेच एक प्रथिन त्याच्याबरोबर येई. ते विषाणूचे नव्हते, पेशीचे होते. जेलवर त्याचे वजन त्रेपन्न हजारांच्या घरात दिसे, म्हणून त्याला पी-५३ म्हटले गेले. वास्तविक ते चव्वेचाळीस हजारांहूनही हलके आहे, पण नाव एकदा पडले ते पडले.

कर्करोगाच्या पेशींत हे प्रथिन पुष्कळ साठलेले सापडे, आणि त्याचे जनुक दुसऱ्या पेशींत घातले तर त्या बेफाम वाढू लागत. तेव्हा हा कर्करोगाचा साथीदारच, असा निष्कर्ष सर्वांनी काढला. तसे निबंध निघाले, तशी व्याख्याने झाली. ही गैरसमजूत मोठी बोधप्रद आहे, कारण प्रयोगांत कोणतीही लबाडी नव्हती आणि तर्कातही तसा दोष नव्हता. दोष होता तो मुद्देमालात. ज्या जनुकांवर हे सारे प्रयोग झाले ती बहुतेक अर्बुदाच्या किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून घेतलेली, आधीच बिघडलेली जनुके होती! १९८९ मध्ये लेव्हिन यांच्याच प्रयोगशाळेने न बिघडलेले जनुक वापरून पाहिले तेव्हा उलटाच प्रकार दिसला: ते पेशींना आवरत होते. त्याच वर्षी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट फोगलस्टाइन यांना आतड्याच्या कर्करोगात पी-५३ चे एक जनुक हरवलेले आणि दुसरे बिघडलेले आढळले. दहा वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला इसम वास्तविक पहारेकरी होता, हे तेव्हा उघड झाले.

पहारा कसा, तेही लवकरच कळले. पी-५३ हे जनुकनियंत्रक प्रथिन आहे. चार-चारांच्या गटाने ते डीएनएच्या ठराविक अक्षरांवर बसते आणि तेथली जनुके जागी करते. एरवी ते फारसे दिसत नाही, कारण पेशी ते तयार करते आणि लगेच मोडूनही टाकते. पण किरणांनी किंवा विषाने डीएनएला इजा झाली, की त्याचे मोडणे थांबते, साठा वाढतो, आणि मग गावात दरोडा पडल्याचे कळताच वेशी बंद करवून चीजवस्तूंचा पंचनामा पुरा होईपर्यंत कोणाची ये-जा होऊ न देणाऱ्या जुन्या काळच्या पाटलासारखे ते पेशीचे विभाजन रोखून धरते. दुरुस्ती झाली तर ठीक. इजा हाताबाहेरची असेल तर त्या पेशीला ते मरणाचा हुकूम देते. विभाजन रोखणारे, पी-२१ या नावाचे जे प्रथिन त्याच्या आज्ञेने निपजते, ते १९९३ साली सापडले. माणसाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ चे जनुक बिघडलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंमलदाराचा अधिकार किती मोठा हे कळते.

आता यकृताकडे परत येताना वाटेत एका दुसऱ्या अपराध्याची दखल घेणे प्राप्त आहे, कारण त्याच्यावाचून या खटल्याला अर्थ राहत नाही. बारुख ब्लमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलेला, आणि पुढे हिपॅटायटिस-बी या काविळीच्या विषाणूचा म्हणून सिद्ध झालेला अंश हा १९६० नंतरच्या दशकातला शोध. तैवानमध्ये पामर बीस्ली यांनी २२,७०७ पुरुषांची रक्ते तपासून त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली. त्यांतील ३,४५४ जणांच्या रक्तात हा विषाणू ठाण मांडून होता. १९८१ च्या अहवालापर्यंत यकृताच्या कर्करोगाने जे ४१ पुरुष मेले त्यांतील ४० या साडेतीन हजारांतले होते. यापेक्षा उघड पुरावा रोगशास्त्रात क्वचितच पाहावयास मिळतो. विषाणू आपले डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत घुसवतो हेही दिसून आले, आणि १९८६ साली पॅरिसमध्ये ॲन देजाँ व प्येर तिओले यांच्या चमूला एका रुग्णाच्या अर्बुदात तो नेमका अशा जनुकात शिरलेला सापडला, की जे पुढे अ जीवनसत्त्वाच्या आम्लाला प्रतिसाद देणाऱ्या एका जनुकनियंत्रक प्रथिनाचे म्हणून ओळखले गेले. म्हणजे कारभाऱ्यालाच हात घातलेला! मात्र असे प्रकार अपवादात्मक होते. विषाणू बहुतेक वेळा कोठेही शिरतो.

मग बुरशीचे काय? चीनच्या जिआंगसू प्रांतात, यांगत्से नदी जेथे समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावर चीदोंग नावाचा परगणा आहे. दमट हवा, मक्याचे अन्न, आणि घरोघर हिपॅटायटिस-बी. यकृताच्या कर्करोगाने तेथे इतका धुमाकूळ घातला होता की १९७२ साली केवळ त्याच एका रोगासाठी तेथे संस्था आणि नोंदणी दप्तर स्थापन झाले. या चीदोंगमधील सोळा रुग्णांची अर्बुदे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत कर्टिस हॅरिस यांच्याकडे पोहोचली. तिकडे बोस्टनमध्ये मेहमेट ओझतुर्क हे जोहान्सबर्गच्या मायकेल क्यू यांनी पुरवलेली दक्षिण आफ्रिकेतील दहा अर्बुदे तपासत होते. त्या काळी जनुक वाचणे म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेले तुकडे जेलच्या पातळ पत्र्यावर चार रांगांत धावावयास लावून, त्यावर क्ष-किरणांची फिल्म रात्रभर दाबून ठेवून, सकाळी ती दिव्यासमोर धरून काळ्या पट्ट्यांची शिडी खालून वर एकेक पायरी मोजत जाणे. पी-५३ मध्ये ३९३ अमिनो आम्ले, प्रत्येकाला तीन अक्षरे. आणि आतापर्यंत इतर कर्करोगांत या जनुकातील बिघाड निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले सापडत आले होते.

येथे ते विखुरले नव्हते. चीदोंगच्या सोळांपैकी आठ अर्बुदांत बिघाड एकाच जागी होता: दोनशे एकोणपन्नासाव्या स्थानी, तीन अक्षरांतील तिसऱ्या अक्षरात. आठांपैकी सातांत ग्वानीनच्या जागी थायमीन आले होते. आफ्रिकेच्या दहांपैकी पाचांत पी-५३ बिघडलेले होते आणि त्यांतील तिघांत तेच स्थान, तेच अक्षर, तीच अदलाबदल. ‘एजीजी’चे ‘एजीटी’ झाले, आर्जिनिनच्या जागी सेरीन बसले. दोन निरनिराळ्या खंडांत राहणाऱ्या, एकमेकांची भाषा वा चव न जाणणाऱ्या माणसांच्या यकृतांत हा सारखेपणा दिसावा, आणि ज्यांचे धान्य कोरडे असते अशा युरोप-अमेरिकेतील व जपानमधील रुग्णांत तो जवळजवळ नसावा, याचा अर्थ उघड होता. ‘नेचर’च्या ४ एप्रिल १९९१ च्या अंकात दोन्ही निबंध लागोपाठच्या पानांवर छापले गेले.

या बिघाडाची दिशाच विषाचे नाव सांगत होती, कारण त्याची रीत आधीच ठाऊक झाली होती. अफ्लाटॉक्सिन मुळात डीएनएला हात लावीत नाही. यकृत, परकीय द्रव्यांची विल्हेवाट लावण्याचे आपले नित्याचे काम करीत असता, स्वत:च्याच विकरांनी त्याचे इपॉक्साइड नावाच्या एका तापट रूपात रूपांतर करते, आणि हे रूप ग्वानीनला जाऊन घट्ट चिकटते. त्या चिकट्याची रचना वोगन व ब्युखी यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच निश्चित केली होती. अशा डागाळलेल्या ग्वानीनवरून नक्कल उतरवताना पेशी चुकते, आणि बहुधा तेथे थायमीन लिहिते. रक्षणासाठी नेमलेल्या अवयवानेच शत्रूच्या हाती शस्त्र द्यावे, हा या हकिकतीतील सर्वांत कटू भाग होय.

तरीही एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. पी-५३ च्या जनुकात ग्वानीन पुष्कळ. मग विषाने हेच एक का निवडले? स्वित्झर्लंडमध्ये सेरुटी यांच्या प्रयोगशाळेने १९९३ साली मानवी यकृतपेशींवर अफ्लाटॉक्सिन टाकून नेमका तोच बदल उमटवून दाखवला खरा. पण पुढे इतरांना त्याच विषाचे डाग जनुकात अन्यत्रही पडलेले आढळले. तेव्हा निवड विषाची नसून, निदान सर्वस्वी विषाची नसून, पुष्कळ अंशी पेशीची असावी असे मला वाटते: अनेक ठिकाणी बिघाड होतो, पण ज्याच्यामुळे पेशीला वाढीस वाव मिळतो तोच बिघाड टिकतो व फैलावतो. निकोला पाव्लेटिच व युंजे चो यांनी १९९४ साली डीएनएवर बसलेल्या पी-५३ ची स्फटिकरचना उलगडली, तीत हे आर्जिनिन डीएनएला शिवत नाही असे दिसते. त्याच्या शेजारचे, दोनशे अठ्ठेचाळिसावे, शिवते. दोनशे एकोणपन्नासावे मात्र डीएनएला भिडणाऱ्या वळणांना मागून टेकू देते. टेकू गेला की वळणे ढासळतात, प्रथिन नुसते बसून राहते, हुकूम काढीत नाही. शिवाय हिपॅटायटिस-बी विषाणूचे ‘एक्स’ नावाचे प्रथिन पी-५३ ला धरून त्याचे काम अडवते, असे हॅरिस यांच्याच गटाने १९९४ मध्ये दाखवले. म्हणजे एका पहारेकऱ्यावर दोन बाजूंनी हल्ला.

या दुहेरी हल्ल्याचा हिशेब शांघायमध्ये मांडला गेला. अठरा हजारांहून अधिक पुरुषांची मूत्रे व रक्ते आधीच जपून ठेवली होती. पुढे ज्यांना रोग झाला त्यांचे जुने नमुने काढून तपासले. १९९४ च्या अहवालानुसार ज्यांच्या अंगात केवळ अफ्लाटॉक्सिनची खूण होती त्यांना धोका सुमारे साडेतीनपट, केवळ विषाणू असणाऱ्यांना सातपटीहून थोडा अधिक, आणि ज्यांच्यात दोन्ही होते त्यांना जवळजवळ साठपट. बेरीज दहाच्या आसपास व्हावी तेथे ती साठावर गेली. आफ्रिकेतील गांबियात २००० साली यापुढचे पाऊल पडले: ५३ रुग्णांपैकी १९ जणांच्या रक्तरसात तरंगणाऱ्या डीएनएत हाच दोनशे एकोणपन्नासावा बिघाड सापडला, आणि चीदोंगमध्ये तर काही जणांच्या रक्तात तो निदानापूर्वी कित्येक वर्षे आढळून आला.

एवढे ज्ञान हाती आल्यावर औषधाची अपेक्षा धरणे स्वाभाविक होते, आणि ती अजून पुरी झालेली नाही. ढासळलेल्या पी-५३ ला पुन्हा उभे करणारे खात्रीचे औषध यकृताच्या रुग्णाला आज मिळत नाही. चीदोंगमध्ये १८० माणसांना चार महिने जेवणाबरोबर क्लोरोफिलिन, म्हणजे पानांतील हरितद्रव्याचा एक विद्राव्य प्रकार, देऊन पाहिला, तेव्हा डीएनएवरील विषाच्या डागांचे मूत्रातील प्रमाण निम्म्याहून कमी झाले; परिणाम चांगला, पण कोट्यवधींना दिवसातून तीनदा गोळी चारणे ही तजवीज कोणत्या सरकारला झेपणार! लसीने मात्र काम केले. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना हिपॅटायटिस-बीची लस टोचण्यास प्रारंभ केला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताचा कर्करोग लाखामागे ०.७० वरून १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर उतरला. कर्करोगाविरुद्ध लस चालते हे तेथे प्रथमच दिसले.

आणि चीदोंग? तेथील आरोग्यखात्याने १९७० नंतरच ‘पाणी सांभाळा, धान्य सांभाळा, काविळीला आवरा’ अशा अर्थाचा उपदेश गावोगाव फिरवला होता. तो किती पाळला गेला ते सांगवत नाही, कारण माणसाला जे धान्य मिळते तेच तो खातो. खरा पालट झाला तो १९८० नंतर, धान्यव्यापारावरील सरकारी बंधने सैल झाल्यावर. लोकांना बाहेरून तांदूळ विकत घेता येऊ लागला आणि मका ताटातून उठून डुकरांच्या गव्हाणीत गेला. हा हुकूम काढणाऱ्यांच्या मनात कर्करोग असण्याचे काही कारण नव्हते; त्यांच्यापुढे शेतीच्या उत्पन्नाचा व बाजाराचा प्रश्न होता. पण १९८९ साली गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत सर्रास सापडणारी अफ्लाटॉक्सिनची खूण पुढच्या दोन दशकांत बहुतेकांच्या रक्तातून दिसेनाशी झाली, आणि १९७२ पासून चालू असलेल्या नोंदणी दप्तरात यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू उतरू लागले. विशेष हे, की ते प्रथम उतरले ते तरुण वयोगटांत, आणि हे तरुण लसीचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जन्मलेले होते. तेव्हा या उताराचे श्रेय लसीकडे जात नाही, तांदळाकडे जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात संशोधकांनी हाच हिशेब मांडला आहे. ज्यांचे बालपण आणि तारुण्य मक्यावर गेले, अशा वृद्धांत मात्र मृत्यूंचे प्रमाण तितक्या वेगाने घटलेले नाही.

केनयाच्या पूर्व भागात २००४ साली पुन्हा तेच झाले: पाऊस, दमट मका, कावीळ, ३१७ रुग्ण आणि १२५ मृत्यू.